दोन ठिपके

"यातलं खरं किती आणि बदललेलं किती, तेवढं फक्त सांगा ताई," असं म्हणून संग्रामसिंहाने बॉनेट उचललं, त्याखाली सळी टेकवली आणि हात झटकले, तेव्हा आपण उभ्या आहोत ती फरशी किंचित खचल्यासारखी श्रुतीला वाटली. वाक्यात तसं काही नव्हतं. जुनी गाडी न्यायला आलेला माणूस दुसरं काय विचारणार? पण गेली दोन वर्षं या घरात खरं आणि बदललेलं हे शब्द गाडीसाठी कुणी वापरलेच नव्हते. ते तिच्यासाठी वापरले जात. ती चहाचा कप घेऊन आली की बाबा आधी कपाकडे, मग तिच्या तोंडाकडे बघत आणि त्यांची दिवसभराची बाई रामश्री, तिला हळूच विचारत, "ये असली है कि बदली हुई?" रामश्री पहिल्यांदा हसायची. "बाबूजी, दीदी हैं, और कौन?" पुढे पुढे ती हसेनाशी झाली, नुसतीच पदर सारखा करायची. आणि बाबा, दुकानदाराने खोटा माल पुढे केला तरी चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नये अशा सभ्यपणाने, श्रुतीला म्हणत, "बसा ना तुम्ही. श्रुती येईलच इतक्यात."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. मेंदूला चेहरा ओळखता येतो, पण चेहऱ्याबरोबर आतून जी ऊब यायला हवी ती येत नाही. मग मेंदू आपल्या परीने हिशेब जुळवतो आणि ठरवतो की हा चेहरा नकली आहे. जितकं माणूस जवळचं तितका संशय पक्का. रामश्रीवर त्यांचा संशय नव्हता, दूधवाल्यावर नव्हता, आत्यावरही फारसा नव्हता. श्रुतीने त्या आजाराबद्दल मिळेल ते वाचून काढलं. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बाईला वाचण्याची सवय असतेच, आणि वाचलं की काही तरी हाती लागतं असा भाबडा विश्वासही. हाती एवढंच लागलं की जगात अशा बऱ्याच मुली आहेत. आणि तरी संध्याकाळी बाबांनी "तुम्हाला उशीर होत असेल, घरी वाट बघत असतील," असं म्हटलं की तिला खरोखर उठून कुठे तरी जावंसं वाटायचं, जिथे कुणी तरी वाट बघत असेल.

"ताई?" संग्रामसिंह म्हणाला. "ठंडीमुळे हात चालत नसतील तर मी आधी चाय मागवतो. कोपऱ्यावरचा चांगला बनवतो."

"नको. झाला आमचा." ती पुढे झाली.

गाडी बैठकीत उभी होती. माधवगंजातल्या त्या गल्लीत गाडी ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून बाबांनी श्रुती लहान असतानाच बैठकीची रस्त्याकडची भिंत पाडून तिथे लोखंडी शटर बसवलं होतं, आणि तेव्हापासून घरी आलेला प्रत्येक पाहुणा थेट स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसे. आई, म्हणजे सुमनताई, सगळ्यांना सांगायची, "आमच्या बैठकीत एकच पाहुणी, आणि ती काही उठायचं नाव घेत नाही." ती पाहुणी म्हणजे ही लाल विलायती एम.जी., दोनच माणसांची, उघड्या टपाची, समोरून पाहिलं तर ओठ मिटून हसल्यासारखी. ती मूळची संग्रामसिंहाच्या आजोबांची, महिपतरावांची. त्यांचं घराणं फौजेतलं. घोडे गेले तेव्हा गाड्या आल्या आणि गाड्या चालवायचं कुणी उरलं नाही तेव्हा त्या उभ्या राहिल्या. गोरखीजवळच्या त्यांच्या अंगणात ही निंबाखाली होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. बाबा तेव्हा बिर्ला नगरच्या कापड गिरणीत इंजिनिअर होते. विहिरीचा पंप बघायला म्हणून गेले आणि पंप विसरून निंबाखाली उकिडवे बसले. महिपतराव म्हणाले होते, "घेऊन जा मधुसूदन. चालू झाली तर मला एक चक्कर मार, नाही झाली तर अंडी तुझी." ती चालू झाली. महिपतरावांनी तीन चकरा मारल्या आणि गाडी परत घ्यायला नकार दिला. गिरणी बंद पडली, आई गेली, गाडी मात्र चालत राहिली. आजार कळला त्या आठवड्यात, अजून शब्द जागेवर होते तेव्हा, बाबांनी आपणहून सांगितलं की आपल्यामागे ती महिपतरावांच्या घरी जावी. "त्यांची वस्तू आहे. आपल्याकडे राहायला आली होती."

आता महिपतराव नव्हते आणि बाबाही नव्हते. दिवाळीनंतर छातीत कफ झाला आणि पाच-सहा दिवसांत ते गेले. जानेवारी अर्धा संपला होता. बाहेर धुकं इतकं दाट होतं की उघड्या शटरमधून समोरचं किराणा दुकान दिसत नव्हतं, नुसता दुकानदाराचा खोकला ऐकू येत होता. संग्रामसिंहाला ही गाडी जुन्या गाड्यांच्या रॅलीत उतरवायची होती. तिथले परीक्षक बॉनेट उघडून विचारतात, मूळचं काय, नंतरचं काय. आणि हे इंजिन तर फार फसवं. आपल्याकडच्या अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन आणि हे, एकाच घराण्यातली सख्खी भावंडं. एकाचा पार्ट दुसऱ्याला निमूट बसतो. चाळीस वर्षांत शहराच्या लष्कर भागातल्या कुठल्या वर्कशॉपात काय बसलं आणि काय गेलं, वरून लाल रंग मारल्यावर कोण सांगणार?

श्रुती सांगू शकत होती. ते तिला शाळेत जायच्या आधीपासून येत होतं. "डोळे मिटून बघ," बाबा म्हणायचे. डोळे मिटायचे आणि बोट फिरवायचं. मूळच्या ओतकामाची कड बोटाला साबणासारखी लागते. इथे ओतलेलं लोखंड रवाळ, नीट कढलेल्या तुपासारखं. त्याला बाबा वाईट म्हणत नसत, वेगळं म्हणत. मग उठावाची अक्षरं. मूळ हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या जड झाकणावर, आकड्यांच्या टोकाला बारीक शेपटी असते, नंतरच्यावर अक्षर जागच्या जागी थांबतं. खिळलेली पट्टी असेल तर तिच्या रिव्हेटांची डोकी बघायची: पहिल्यांदा बसलेलं रिव्हेट गोल असतं, कुणी काढून पुन्हा बसवलेलं कधीच पुन्हा तसं गोल होत नाही. आणि ज्या बोल्टच्या डोक्यावर पान्याचे ओरखडे एकाच दिशेचे, तो फक्त घट्ट केलेला. दोन्ही दिशांचे, तो उघडलेला. दहा-बारा वर्षांची श्रुती मैत्रिणींच्या घरी गेली की त्यांच्या शिलाईमशीनचे बोल्ट बघायची आणि म्हणायची, हे मशीन कुणी तरी खोललंय. तिच्या फार मैत्रिणी टिकल्या नाहीत.

तेच डोळे बाबांनी पुढे तिच्यावर रोखले. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. एका सकाळी त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला होता, मागची बाजू वर केली होती. तिथे गाडीच्या पंख्याच्या पात्याचा जुना व्रण आहे. पट्टा ताणून बघताना तिचा हात आत होता आणि बाबांनी किल्ली फिरवली होती. नंतर टाके घालून आल्यावर बाबा दोन दिवस जेवले नव्हते. तो व्रण त्यांनी अंगठ्याने चाचपला, वरून खाली, खालून वर.  तिला वाटलं, आता. आता ओळख पटेल, इथे तरी पटलीच पाहिजे. बाबा व्रणावरून अंगठा फिरवत कौतुकाने म्हणाले, "वा. व्रणसुद्धा केलाय. जागा बरोबर, लांबी बरोबर. काम फार चांगलं आहे हो. कुणाकडून करून घेतलंत?"

"कार्बोरेटरची जोडी मूळची," ती आता संग्रामसिंहाला म्हणाली. आवाज तिला हवा तसा कोरडा निघाला. "डायनॅमो बदललेला. वॉटर पंप बदललेला, माझ्या समोरच. ब्लॉक मूळचा, ही पट्टी बघा, रिव्हेटं गोल आहेत."

"आणि हेड?"

हेडवर तिने बोट ठेवलं आणि उचललं. लोखंड बर्फासारखं होतं. "त्याची खूण बघावी लागेल," ती म्हणाली. "बाबा खऱ्या पार्टवर खूण करायचे. दोन ठिपके, शेजारी शेजारी. पंचने."

पंच म्हणजे ती टोकदार पोलादी कांडी. टोक धातूवर ठेवायचं, मागून हातोडीचा एक ठोका. गाडी बाहेरच्या वर्कशॉपात जायची असली की आदल्या संध्याकाळी बाबा पार्टापार्टावर दोन ठिपके उमटवत बसायचे. बाहेर गेलेली वस्तू तीच परत येते असं नाही, हे त्यांना गिरणीने शिकवलं होतं. श्रुती टॉर्च धरायची. "पितळेवर हळू, लोखंडावर जोरात," ते म्हणायचे, "ज्याचं त्याचं अंग बघून." आजारातही ती सवय गेली नाही, वाढली. आजाराच्या पहिल्या वर्षात ते घरभर पंच घेऊन फिरत. देवघरातल्या घंटेवर दोन ठिपके, कुकरच्या झाकणावर, नळाच्या तोटीवर, रामश्रीच्या जेवणाच्या डब्यावरही. रामश्रीने कुरकुर केली नाही. "अच्छा है दीदी, अब खोएगा नहीं." घरातल्या सगळ्या वस्तूंना बाबांनी खरं म्हटलं आणि आपल्याला नाही, असं तेव्हा श्रुतीला वाटायचं. कुकरच्या झाकणाचा हेवा वाटायचा. रात्री भांडी घासून ठेवताना ते दोन ठिपके बोटाखाली आले की ती थांबायची आणि मग झाकण उगीचच जास्त जोराने पुसायची.

संग्रामसिंहाने मोबाइलचा दिवा धरला. कार्बोरेटरवर ठिपके होते, बारीक, स्वच्छ. ब्लॉकच्या कडेला होते. डायनॅमोवर नव्हते. इथपर्यंत सगळं तिच्या म्हणण्याप्रमाणे होतं आणि तिला एक विचित्र समाधान वाटत होतं, उत्तरपत्रिका तपासताना ओळीने बरोबर उत्तरं यावीत तसं. मग ती हेडच्या मागच्या कोपऱ्याकडे वाकली. ठिपके होते. दोन, शेजारी शेजारी, खोल. "खरं आहे," ती म्हणाली, आणि सवयीने डोळे मिटून तिने त्यांच्याभोवती बोट फिरवलं. बोटाला रवा लागला. तिने डोळे उघडले. नखाने रंग खरवडला. लालच्या खाली हिरवट रंग निघाला. उठावाचे आकडे चाचपले, त्यांना शेपट्या नव्हत्या.

"काय झालं?"

"हे अ‍ॅम्बेसेडरचं आहे."

"पण खूण तर आहे ना?"

"आहे."

संग्रामसिंह हसला, वाईट हेतूने नाही. "म्हणजे मधुकाकांनी स्वतःलाच चकवलं म्हणा. शेवटी तब्येत बरी नव्हती, ताई. ठोकली असेल कुठेही."

ते तिलाही वाटलं. पण ठिपक्यांच्या खळग्यात जुनं काळं तेल घट्ट बसलेलं होतं आणि लाल रंग त्या खळग्यांत वरून उतरलेला होता. ही खूण आजारातली नव्हती. बाबांचे डोळे, हात आणि शब्द सगळं जागेवर होतं तेव्हाची होती. बोटांनी लोखंड वाचणाऱ्या माणसाने, हे हेड परकं आहे हे पूर्ण कळत असताना, त्यावर आपली खूण केली होती. मग खुणेचा अर्थ काय? श्रुतीला एकाएकी थकल्यासारखं झालं. ती मडगार्डवर हात टेकून उभी राहिली. गेले दोन महिने ती या बैठकीत पाऊल ठेवायचं टाळत होती, आणि आज सकाळी उठल्यापासून मनाशी एकच गोष्ट घट्ट धरून होती: बाबांना खरं कशाला म्हणायचं ते ठाऊक होतं, निदान वस्तूंच्या बाबतीत तरी ते शेवटपर्यंत चुकले नाहीत. त्यांच्या नजरेत आपण नकली ठरलो हे ती सोसू शकत होती, पण मग ती नजर पक्की हवी होती. आता तेही हलायला लागलं.

"अगं, शटर अर्धं तरी ओढा, सगळं धुकं घरात घेताय." इंदुताई आतून आल्या. बाबांची धाकटी बहीणच, पण वय ऐंशीच्या पुढे, अंगावर दोन स्वेटर आणि वरून शाल, हातात मटारच्या शेंगांची परात. त्या आतल्या दाराच्या पायरीवर टेकल्या आणि शेंगा सोलू लागल्या. "काय चाललंय? कसली खूण?"

"आत्या, बाबा खऱ्या पार्टांवर दोन ठिपके करायचे ना? या हेडवर आहेत. आणि हेड तर बदललेलं आहे."

"खऱ्यावर कुठे?" इंदुताईंनी शेंग मोडली. "बाहेर जाणाऱ्यावर. जे बाहेर जाणार आहे आणि परत यायला हवं आहे, त्याच्यावर. खरं-खोटं कोण बघतंय त्यात. माझं लग्न झालं, इंदूरला निघाले, तर मधूने माझ्या पत्र्याच्या पेटीवर ठोकून दिले दोन ठिपके. वऱ्हाडात सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, भाऊ लोहार आहे का तुमचा? पेटी नवी कोरी, दुकानातून आणलेली. त्यात खरं काय असणार? मी विचारलं, मधू, हे काय? तर म्हणतो, तूच परत यायला हवीस, दुसरी नको."

"मग?" संग्रामसिंहाने विचारलं.

"मग काय? आमचे हे गेल्यावर आले परत. पेटी तीच होती." त्यांनी दाणे परातीत लोटले. "हे हेड त्याने आणलं तेव्हा मी इथेच होते. जुनं तडकलं होतं. चार दिवस त्या नव्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी गाडी कुठेशी न्यायची होती, तर बसला ठोकत. मी म्हटलं, हे तर तुझं नव्हे. म्हणाला, आता माझ्याकडे आहे ना."

शटरबाहेर कुणी तरी सायकल लोटत नेली.  भोपाळ, हा शब्द श्रुतीच्या डोक्यात आला, आणि पाठोपाठ बाकीचं, ढकलल्यासारखं. मागच्या फेब्रुवारीत तिला पेपर तपासायला भोपाळला जायचं होतं. सकाळची गाडी होती. बॅग भरून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली होती, स्टेशनवर सोडायला रिक्षा यायची होती, आणि ती टेबलाशी बसून घाईने पोहे खात होती. बाबा आले. बॅगेकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग आत जाऊन पुन्हा आले आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तिचा डावा हात त्यांनी उचलून टेबलावर पालथा ठेवला, सरळ केला, बोटं नीट जुळवली, लहानपणी नखं कापताना ठेवायचे तसा. तिला बरं वाटलं होतं. कितीतरी महिन्यांनी ते हात आपणहून आले होते. ती पोहे चावायची थांबली आणि तशीच बसून राहिली, हललं तर ते सोडून देतील म्हणून. मग व्रणाच्या शेजारी काही तरी गार टेकलं. रामश्री ओट्याशी होती, ती ओरडली, "दीदी, हाथ!" श्रुतीने हात ओढला. हातोडीचा ठोका पडून गेला होता, पंच टेबलात रुतून आडवा झाला होता. तिने बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काम अर्धवट राहिल्यावर येतो तसा गोंधळ होता. "तुम्ही जाऊन या," ते म्हणाले. त्या दिवशी ती गेली नाही. रिक्षा परत पाठवली, कॉलेजला खोटं कारण कळवलं आणि पंच आणि हातोडी आपल्या कपाटात पुस्तकांच्या मागे कुलपात टाकली. त्या रात्री ती आपल्या खोलीची कडी लावून झोपली. कित्येक आठवडे लावत राहिली. नकली बाईचा त्यांना राग आला आहे, असं तिने धरलं. जे वाचलं होतं त्यात तसं लिहिलेलं होतं, असे रुग्ण कधी कधी हल्ला करतात. बाबांनी हत्यारं कधी मागितली नाहीत. गाडीलाही पुन्हा हात लावला नाही. दुपारी येऊन ते नुसते ड्रायव्हरच्या सीटवर बसत, हात स्टेअरिंगवर ठेवून, आणि रामश्री त्यांना जेवायला उठवून नेई. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात श्रुतीने त्यांचे ओठ पुसले तेव्हा ते तिला म्हणाले होते, "तुम्ही फार केलंत." परक्या माणसाचे आभार मानावेत तसे, अगदी मनापासून.

"जजेसना मग काय सांगू, ताई?" संग्रामसिंह विचारत होता.

"हेड बदललेलं आहे म्हणून सांगा. आणि खूण आहे ती गाडी महिपतरावांच्या घरी परत यायची होती म्हणून, असं सांगा. ते लिहून घेणार नाहीत, पण सांगा."

"वो तो मैं बोल दूँगा," तो म्हणाला, आणि सळी काढून त्याने बॉनेट दोन्ही हातांनी अलगद मिटलं. "आजोबांची होती तशीच आहे हो. तसं बघितलं तर मी तरी कुठे ओरिजिनल राहिलोय. दोन दात, एक गुडघा." तो स्वतःच हसला, मग श्रुतीकडे बघून थांबला. "माफ करा."

"नाही, नाही."

गल्लीत ट्रक येणार नव्हता. तो माधवगंजच्या नाक्यावर उभा होता. संग्रामसिंह स्टेअरिंगवर बसला, त्याच्याबरोबर आलेल्या दोघांनी मागून लोटलं, श्रुतीनेही हात लावला. शटरच्या उंबऱ्यावरून चाकं उतरली तशी गाडीची पाठ एकदा उचलल्यासारखी झाली. किराणावाला बाहेर येऊन उभा राहिला. इंदुताईंनी परात बाजूला ठेवून हात जोडले, माणसाला जोडतात तसे. थोड्या अंतरावर लाल रंग धुक्यात विरघळला, मग नुसता टायरांचा आवाज राहिला, मग तोही नाही. फरशीवर तेलाचा मोठा काळा डाग होता आणि त्याभोवती गाडीच्या आकाराची स्वच्छ जागा, जिथे कित्येक वर्षांत कुणाचा पाय पडला नव्हता. श्रुतीने शटर खाली ओढलं.

स्वयंपाकघरात आल्यावर तिने टेबलावरचं मेणकापड उचललं. ते तिने भोपाळच्या दिवशीच आणून घातलं होतं. टेबल चीडच्या, म्हणजे पाइनच्या लाकडाचं, नखानेही चरा पडतो इतकं मऊ. तिला एक खोल भोक आठवत होतं. ते शोधायला तिला चष्मा लावावा लागला. मिरीच्या दाण्याएवढाही नाही, टोक नुसतं टेकवून सोडल्यासारखा एकच ठिपका. बोट फिरवलं तर लागेल न लागेल इतका उथळ. लोखंडावर जोरात, पितळेवर हळू. ज्याचं त्याचं अंग बघून. हा ठोका पितळेचाही नव्हता. याहून हळू बाबांना मारताच आला नसता. लागलं असतं ते एखाद्या चिमट्याएवढं. ते काय करत होते हे त्यांना कळत होतं. हाताखाली काय आहे आणि ते किती मऊ आहे, हेही.

पण कोण आहे, हे कळत होतं का? ती टेबलाशी बसून राहिली. ते तिला सोडवता येत नव्हतं, आणि सोडवायला आता कुणीही उरलेलं नव्हतं. श्रुती निघाली आहे आणि तीच परत यायला हवी, असं त्यांना क्षणभर वाटलं असेल. किंवा ही बाई श्रुती नव्हे हे पक्कं ठाऊक असताना, परक्या हेडवर केली तशी खूण करून ते तिला ठेवून घेणार असतील. आता माझ्याकडे आहे ना. दोन्हींची खूण एकच. त्या एका सकाळी त्यांनी तिला घरात घ्यायला हात पुढे केला होता, कुणी का म्हणून असेना, आणि तिने हात काढून घेतला होता. नंतर कडी लावली होती. त्या कडीचा आवाज पलीकडे बाबांच्या खोलीत जायचा.

तिने खोलीतलं कपाट उघडून पुस्तकांमागून पंच काढून आणला. डावा हात पालथा करून त्या ठिपक्याच्या शेजारी टेबलावर ठेवला, बोटं जुळवली. पंचचं टोक व्रणाच्या बाजूला टेकवलं. हातोडी घेतली नाही. नुसतं दाबलं, दुखेपर्यंत, आणि उचललं. कातडीवर पांढरा, स्वच्छ, बारीक खळगा उमटला. शेजारी दुसरा. अगदी बाबांच्या हातचे वाटावेत असे. ती बघत राहिली. थंडी होती म्हणून खळगे भरून यायला वेळ लागत होता. आधी कडा मऊ झाल्या, मग पांढऱ्यावर हळूहळू गुलाबी चढली. आतून आत्याने विचारलं, "श्रुती, नाक्यावरून ट्रक सुटला का गं?" तिने उत्तर द्यायला तोंड वर केलं, "सुटला असेल," म्हणाली, आणि पुन्हा हाताकडे पाहिलं तेव्हा ते ठिपके नेमके कुठे होते ते तिला सापडेना.